जळालेलं दप्तर कोणाचं होतं?

९ सप्टेंबर २०२५ रोजी नेपाळच्या राजधानीत, काठमांडूत, सिंहदरबार हे सरकारचं मुख्य सचिवालय, संसद भवन आणि सर्वोच्च न्यायालय ही तिन्ही ठिकाणं एकाच दिवशी पेटली. आदल्या दिवशी पोलिसांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या होत्या आणि १९ जणांचा जीव गेला होता. त्या संतापाला कारण नव्हतं असं कोणी म्हणू नये. जगाने पाहिली ती ज्वाळांनी वेढलेल्या पांढऱ्या महालाची छायाचित्रं. त्यानंतर काही दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाचं काम पुन्हा सुरू झालं ते आवारात तंबू ठोकून. तंबूत मांडलेली टेबलं, त्यामागे कर्मचारी आणि समोर आपल्या खटल्याचं पुढे काय होणार हे विचारायला आलेले पक्षकार, या चित्राकडे मात्र फार कोणी वळून पाहिलं नाही. माझ्या मते त्या आगीचा खरा हिशोब त्या तंबूत मांडायला हवा.

सरकारी इमारत जळते तेव्हा वाद लगेच दोन तट पाडतो. एक तट म्हणतो, ही जनतेची मालमत्ता, जाळणारे समाजकंटक, त्यांच्याकडून पैन् पै वसूल करा. दुसरा म्हणतो, माणसं मेली तेव्हा तुम्ही गप्प होता, आता दगड-विटांसाठी गळा काढता. दुसऱ्या तटाचं म्हणणं मला अर्ध्याहून जास्त पटतं. माणसाच्या जिवापुढे कुठल्याही घुमटाची किंमत नाही. पण दोन्ही तट इमारतीबद्दलच भांडत राहतात. इमारतीत काय होतं, ते कोणाचं होतं आणि ते गेल्यावर कोणाचं काय अडलं, हा प्रश्न विचारलाच जात नाही. आत असतं दप्तर. जमिनीच्या नोंदी, जन्म-मृत्यूच्या नोंदी, खटल्यांचे कागद, पेन्शनीचे प्रस्ताव, कुठल्याशा पुलाच्या कंत्राटाची फाइल, कोठडीत मेलेल्या कोणाचा शवविच्छेदन अहवाल. सत्ता उलथवायला निघालेल्या माणसाला उद्या ज्या पुराव्यावर उभं राहायचं असतं, तोही बहुतेकदा त्याच इमारतीत असतो.

आणि हे नुकसान सगळ्यांना सारखं वाट्याला येत नाही. ज्याच्याकडे वकील आहे, लेखापाल आहे, तिजोरी आहे, त्याच्यापाशी प्रत्येक कागदाची प्रमाणित प्रत असते. मूळ नोंद जळाली तरी तो आपली प्रत पुढे करतो आणि तीच खरी ठरते. ज्याच्याकडे काहीच नसतं त्याचा सगळा भरवसा सरकारी नोंदवहीतल्या एका ओळीवर असतो. सावत्र भावाने बळकावलेल्या जमिनीसाठी वीस वर्षं हेलपाटे घालणारी बाई, नोकरीतून बेकायदा काढलेला कामगार, नागरिकत्व सिद्ध करायला सांगितलेलं कुटुंब, यांची बाजू आगीनंतर एका रात्रीत दुबळी होते. सुक्याबरोबर ओलंही जळतं असं आपण सहज म्हणतो. दप्तरखान्याच्या आगीत तर ओलंच जास्त जळतं.

पॅरिसचं उदाहरण याबाबतीत पुन्हा पुन्हा आठवावं असं आहे. मे १८७१ मध्ये कम्यून, म्हणजे पॅरिसच्या बंडखोरांनी उभारलेलं नगरसरकार, मोडून काढायला सरकारी सैन्य शहरात घुसलं. त्या एका आठवड्यात हजारो कम्यूनवाद्यांना ठार मारण्यात आलं, आणि त्याच आठवड्यात त्युइलरी राजवाडा, नगरभवन, न्यायमंदिराचा काही भाग अशा इमारती जळाल्या. पॅरिसच्या नागरिकांच्या जन्म, विवाह आणि मृत्यूच्या १८६० पूर्वीच्या नोंदवह्या नगरभवनात होत्या. कायदा शहाणा होता. प्रत्येक वहीची दुसरी प्रत ठेवण्याची त्याने तरतूद केली होती. ती दुसरी प्रत होती न्यायमंदिरात, नगरभवनापासून चालत काही मिनिटांवर. २४ मे रोजी दोन्ही गेल्या. सुमारे ८० लाख नोंदी नाहीशा झाल्या. पुढच्या वर्षी खास कायदा करून त्या पुन्हा जुळवायचं काम हाती घेतलं गेलं. चर्चमधल्या वह्या, नोटरींकडची कागदपत्रं, लोकांनी घरातून आणून दिलेले जुने दाखले असं मिळेल त्यातून नोंदी नव्याने लिहिल्या गेल्या. हे काम पुढची कित्येक वर्षं चाललं आणि तरीही जेमतेम एक तृतीयांश नोंदी परत उभ्या राहिल्या. यात एक गोष्ट लक्षात घ्यावी. घरात कागद जपून ठेवणारी कुटुंबं, ज्यांचे व्यवहार नोटरीपुढे होत, त्यांच्या नोंदी परत येण्याची शक्यता जास्त. भाड्याच्या खोलीत जन्मून तिथेच मेलेल्या मजुराच्या नावाने कागद घेऊन कोण येणार होतं? कम्यून ज्यांच्यासाठी लढला, त्यांचीच नावं परत लिहिली न जाण्याचा धोका सर्वांत मोठा होता.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. कागद हाच ज्यांचा छळ करतो त्यांनी कागद का जाळू नये? १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली आणि कर्जरोखे, खतं, चोपड्या यांची होळी केली. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदलेलं हे आंदोलन पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरलं. त्यात माणसांवर हात फारसा उचलला गेला नाही. लोकांना हवे होते ते कागद, आणि कागद हाती आले की बहुतेक ठिकाणी प्रकरण तिथेच संपलं. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. फ्रान्समध्येही १७८९ च्या उन्हाळ्यात शेतकऱ्यांनी जहागीरदारांच्या गढ्यांत शिरून वेठबिगारीचे आणि करांचे हक्क सांगणारे दस्त जाळले होते. या माणसांना अडाणी म्हणणं हा त्यांचा अपमान आहे. कुठला कागद जाळला म्हणजे आपली मान सुटेल हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

तरीही सुप्यातली होळी आणि सरकारी दप्तरखान्याची आग यांत मला मूलभूत फरक दिसतो. सावकाराच्या चोपडीत फक्त त्याची बाजू होती. ऋणको लिहू-वाचू शकत नव्हता, अंगठा कशावर उठवला हेही त्याला कळत नव्हतं, आणि न्यायालय त्या चोपडीला ब्रह्मवाक्य मानत होतं. त्या कागदातून त्याच्या बाजूने कधी काही निघेल अशी आशाच नव्हती. सरकारी दप्तर तसं एकरंगी नसतं. त्यात जुलमाचा हुकूम असतो आणि त्या हुकमाविरुद्ध केलेला अर्जही असतो. गोळीबाराचा आदेश कोणी दिला याची नोंद असते, कंत्राट कोणाच्या सहीने गेलं याची नोंद असते. सरकार जितकं वाईट, तितकी त्याच्या दप्तराची गरज त्याच्या विरोधकांना जास्त. म्हणूनच सत्ता हातची जाते आहे असं दिसू लागलं की आधी काड्या शोधतात ते आतले लोक.

हे मी तर्काने म्हणत नाही, याला भरभक्कम दाखले आहेत. ब्रिटिश साम्राज्य आवरतं घेतलं जात असताना वसाहतींमधल्या अधिकाऱ्यांना अडचणीची कागदपत्रं नष्ट करण्याच्या लेखी सूचना होत्या. कागद जाळले तर राखसुद्धा चुरून टाकावी, जाळणं शक्य नसेल तर वजन बांधलेल्या खोक्यांत भरून किनाऱ्यापासून दूर खोल, प्रवाह नसलेल्या पाण्यात बुडवावे, इतक्या तपशिलात त्या लिहिल्या होत्या. जे जाळलं नाही ते गुपचूप इंग्लंडला नेऊन हॅन्सलोप पार्क इथे दडवलं गेलं. केनियातल्या माऊ माऊ लढ्यात छळ सोसलेल्या वृद्धांनी लंडनच्या न्यायालयात दावा लावला तेव्हा, २०११ मध्ये, हा साठा उघड झाला. त्यातल्या कागदांनी छळाची माहिती वरपर्यंत होती हे दाखवलं आणि २०१३ मध्ये ब्रिटिश सरकारने ५,२०० हून अधिक जणांना नुकसानभरपाई मान्य केली. पन्नास वर्षांनी न्याय मिळाला तो काही कागद जळायचे राहिले म्हणून. जे जळाले त्यांत काय होतं, कोणाची नावं होती, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

म्हणून मला पूर्व जर्मनीतल्या एर्फर्ट शहरातली ४ डिसेंबर १९८९ ची सकाळ फार मोलाची वाटते. बर्लिनची भिंत पडून महिनाही झाला नव्हता. स्टासी या गुप्त पोलिसांच्या जिल्हा कार्यालयाच्या धुराड्यातून धूर निघताना लोकांनी पाहिला आणि आत काय चाललं आहे हे ओळखलं. शहरातल्या काही स्त्रियांनी पुढाकार घेतला, बातमी कारखान्यांत आणि कार्यालयांत पोहोचवली, आणि लोक त्या इमारतीत शिरले. ज्या यंत्रणेने त्यांच्या घरांत कान लावले, शेजाऱ्याला शेजाऱ्याविरुद्ध वापरलं, तिच्याच दारात ते उभे होते. ती इमारत पेटवावी असं वाटण्याचा हक्क जगात कोणाला असेल तर त्यांना होता. त्यांनी सरकारी वकिलांना बोलावून दप्तराच्या खोल्यांना सील ठोकायला लावलं आणि नागरिक समिती स्थापून बाहेर पहारा बसवला. आग लावायला नव्हे, लागलेली आग विझवायला ते आत गेले होते. त्याच संध्याकाळी लाइपझिगमध्ये आणि पुढच्या दिवसांत इतर शहरांत हेच घडलं. १५ जानेवारी १९९० रोजी बर्लिनमधल्या मुख्यालयात जमाव घुसला तेव्हा थोडी मोडतोड झाली, कागद उधळले गेले, पण दप्तर बहुतांशी वाचलं.

त्याचं पुढे काय झालं हे पाहिलं की त्या पहाऱ्याची किंमत कळते. एका रांगेत लावल्या तर सुमारे १११ किलोमीटर भरतील इतक्या फायली हाती आल्या. स्टासीच्या माणसांनी घाईघाईत हातांनी फाडलेल्या कागदांची १५,००० हून अधिक पोती सापडली आणि त्यांतले तुकडे जुळवण्याचं काम पुढे अनेक वर्षं चालू राहिलं. १९९१ च्या अखेरीस कायदा झाला आणि जानेवारी १९९२ पासून सामान्य नागरिकाला स्वतःची फाइल मागून वाचता येऊ लागली. आपल्यावर पाळत कोणी ठेवली, नोकरी का गेली, मुलाला विद्यापीठात प्रवेश का नाकारला, याची उत्तरं लोकांनी वाचनालयाच्या टेबलाशी बसून वाचली. त्या वाचनाने संसार मोडले, मैत्र्या तुटल्या हेही खरं आहे. पण खरं काय घडलं हे कळण्याचा मार्ग मोकळा राहिला.

जमाव म्हणजे आंधळाच, त्याच्याकडून असं काही अपेक्षिणं भाबडेपणा, असं म्हणणाऱ्यांना मी कैरोची २८ जानेवारी २०११ ची रात्र दाखवेन. तहरीर चौकालगत सत्ताधारी पक्षाचं मुख्यालय जळत होतं आणि त्याला खेटून असलेल्या संग्रहालयाभोवती सामान्य निदर्शकांनी हातात हात गुंफून कडं केलं होतं. एकाच चौकात, एकाच रात्री. जुलै २०२२ मध्ये कोलंबोत राष्ट्रपती निवासात शिरलेल्या तरुणांना आत नोटांची थप्पी मिळाली, सुमारे १ कोटी ७८ लाख श्रीलंकन रुपये. त्यांनी ती मोजली आणि पोलिसांच्या हवाली केली. त्याच रात्री त्याच शहरात पंतप्रधानांचं खासगी घर जाळलं गेलं. जमावात दोन्ही प्रकारची माणसं असतात. कोणाचा आवाज चालतो हे त्याआधीच्या आठवड्यांत आणि महिन्यांत आंदोलनाने आपल्या लोकांशी काय बोलणं केलं आहे यावर बरंचसं ठरतं. म्हणून आंदोलनाच्या नेतृत्वाने आधीपासून उघडपणे सांगायला हवं: इमारतीत शिरायची वेळ आली तरी दप्तरखान्याला हात लागणार नाही, उलट त्याच्या दारावर आपली माणसं उभी राहतील. हे नैतिक सोवळेपण म्हणून मी सांगत नाही. उद्या चौकशी आयोग बसेल, खटले उभे राहतील, तेव्हा आपल्या बाजूचे साक्षीदार हेच कागद असतील.

मात्र इमारत वाचवण्याच्या नावाखाली माणसं मारायचा परवाना कोणालाही मिळत नाही, हे तितक्याच जोराने सांगायला हवं. १९२७ साली ऑस्ट्रियातल्या शाटेनडॉर्फ गावी उजव्या गटाच्या लोकांनी केलेल्या गोळीबारात एक अपंग माजी सैनिक आणि एक लहान मुलगा मेला. १४ जुलैला आरोपी निर्दोष सुटले. दुसऱ्या दिवशी व्हिएन्नाचे कामगार रस्त्यावर आले आणि न्यायालयाची भव्य इमारत, जस्टिट्सपालास्ट, पेटली. महापौर कार्ल झाइट्स अग्निशमन दलाच्या गाडीवर चढून, बंबाला वाट द्या म्हणून जमावाला विनवत होते. त्यानंतर पोलिसांनी बंदुका चालवल्या आणि ८० हून अधिक निदर्शक मेले. आत जमिनीच्या नोंदी आणि शासकीय दप्तर जळालं ते जळालंच; गोळ्यांनी एकही कागद वाचला नाही. त्या दिवसाने देशात जी फूट पाडली ती भरून आलीच नाही आणि सात वर्षांत तिथे यादवी पेटली. बंबाला वाट मिळणं ही त्या दिवसाची खरी गरज होती, आणि ती पुरवणारा माणूस बंदूकधारी नव्हता.

आता सरकारांकडे वळतो, कारण मोठी जबाबदारी त्यांचीच आहे. दप्तर एकाच छताखाली ठेवणं हा निष्काळजीपणा आहे आणि त्याची शिक्षा कायम दुसऱ्यांनाच होते. ज्या इमारतीवर राग निघण्याची शक्यता सर्वांत जास्त, त्याच इमारतीत देशाची स्मृती कोंबून ठेवायची आणि मग तिच्या आगीचं सगळं पाप जमावाच्या माथी मारायचं, हे मला मान्य नाही. डब्लिनमध्ये १९२२ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनशी झालेल्या कराराला विरोध करणाऱ्या सशस्त्र गटाने फोर कोर्ट्स हे न्यायालयांचं संकुल ताब्यात घेतलं. त्याच आवारात सार्वजनिक अभिलेखागार होतं. तेराव्या शतकापासूनची कागदपत्रं तिथे सहा मजली दप्तरखान्यात रचलेली होती. गटाने तिथे दारूगोळा साठवला, हंगामी सरकारने २८ जूनला तोफा डागल्या आणि ३० जूनला प्रचंड स्फोट होऊन आयर्लंडची सात शतकं उडाली. दोष कोणाचा यावर शंभर वर्षं वाद चालू आहे. एप्रिल ते जून एवढा अवधी असताना दोन्ही बाजूंपैकी कोणालाही, आधी दप्तर हलवू या, मग भांडू, असं म्हणून ते घडवून आणता आलं नाही, हे मला सर्वांत जास्त सलतं. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांचे बहुतांश तक्ते त्यात गेले. आणि १८८१ व १८९१ च्या जनगणनांचे तक्ते? ते पहिल्या महायुद्धाच्या काळात सरकारनेच रद्दीत लगद्यासाठी घातले होते. त्यासाठी कुठलाही जमाव लागला नाही.

संगणकावर प्रती ठेवल्या की प्रश्न मिटला असं समजणंही चूक आहे. सर्व्हर त्याच इमारतीच्या तळघरात असेल तर तो पॅरिसच्या न्यायमंदिरातली दुसरी प्रत ठरतो. प्रत दुसऱ्या शहरात हवी, वेगळ्या यंत्रणेच्या ताब्यात हवी, आणि ती कुठे आहे हे मंत्रिमंडळातल्या एखाद्याच्या मर्जीवर अवलंबून नको. नाहीतर आग न लावताही नोंद बदलता येते. शिवाय प्रत्येक नागरिकाला त्याच्याविषयीच्या नोंदीची प्रमाणित प्रत फुकट आणि न मागता मिळायला हवी. लाखो घरांतल्या कपाटांत विखुरलेलं दप्तर एका आगीत जाऊच शकत नाही.

जळालेल्या इमारतीचं पुढे काय करायचं याची चर्चा मात्र उत्साहाने होते. त्युइलरीचे अवशेष बारा वर्षं तसेच उभे राहिले आणि १८८३ मध्ये पाडले गेले. पॅरिसचं नगरभवन जुन्या धाटणीतच पुन्हा बांधलं. कैरोतलं पक्ष मुख्यालय २०१५ मध्ये जमीनदोस्त केलं. स्टासीच्या मुख्यालयात आता संग्रहालय आहे, आणि ढाक्याच्या गणभवनाचंही, म्हणजे पंतप्रधानांच्या निवासस्थानाचंही, ऑगस्ट २०२४ मधल्या सत्तांतरानंतर संग्रहालय करायचं ठरलं. यातलं काहीही चालेल. ते त्या त्या समाजाने ठरवावं. माझा आग्रह क्रमाचा आहे. घुमटावर खर्च होण्याआधी नोंदी जुळवण्यावर खर्च व्हायला हवा, आणि आगीची चौकशी आंदोलनाच्या चौकशीपासून वेगळी, न्यायालयाच्या देखरेखीखाली व्हायला हवी. कुठल्या खोलीतून आग सुरू झाली, कोणत्या विभागाचं दप्तर आधी गेलं, त्याच्या चाव्या कोणाकडे होत्या, हे प्रश्न आंदोलकांच्या फायद्याचेच आहेत. दंगलीच्या धुरात दुसऱ्या कोणी आपली फाइल जाळून घेतली असेल तर ती याच प्रश्नांतून बाहेर येईल.

आणि एक कायदा तर लगेचच लागतो. आग विझल्यावर 'तुमची फाइल जळाली' हे वाक्य प्रत्येक खिडकीवर ऐकू येऊ लागतं. काही ठिकाणी ते खरं असतं, काही ठिकाणी ती नुसती सबब असते, आणि खिडकीबाहेर उभ्या माणसाला दोन्हींतला फरक सिद्ध करता येत नाही. म्हणून पुराव्याचा भार उलटा करायला हवा. नोंद सरकारच्या ताब्यात असताना नष्ट झाली असेल, तर नागरिकाने दिलेली पावती, जुनी प्रत, शेजाऱ्यांच्या साक्षी, जे काही असेल ते खरं धरावं, आणि ते खोटं आहे असं ज्या कार्यालयाला वाटतं त्याने ते ठराविक मुदतीत सिद्ध करावं. मुदत उलटली की नोंद अर्जदाराच्या म्हणण्याप्रमाणे लिहावी, आणि तोवर त्याची पेन्शन, त्याचा जमिनीवरचा ताबा, त्याचं मतदार यादीतलं नाव, यांतलं काहीही अडवू नये.